बॅटरी बदलण्याआधी वीज मोजून पाहा



बियाणे पेरण्याआधी आपण उगवण तपासतो, डेअरीत दूध घालताना फॅट पाहतो, भात विकताना काटा पारखून घेतो. मोजल्याशिवाय व्यवहार करायचा नाही, ही शेतकऱ्याची जुनी आणि शहाणपणाची रीत आहे. पण दारातला टेम्पो, ट्रॅक्टर किंवा जीप पहाटे सुरू झाली नाही की ही रीत आपण विसरतो. गाडी सुरू होत नाही म्हणजे बॅटरी गेली आणि बॅटरी गेली म्हणजे नवी आणा, असा आपला हिशेब असतो. काही हजार रुपये खर्चून नवी बॅटरी घरात येते आणि कित्येकदा पंधरा-वीस दिवसांत तीही मान टाकते. मग दुकानदाराशी भांडण, कंपनीला दोष आणि वर पुन्हा खर्च. खरा चोर गाडीतच कुठेतरी दडलेला असतो आणि शिक्षा होते ती बॅटरीला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

आपल्या पालघरच्या पट्ट्यात गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. विक्रमगड-जव्हारकडचा मोगरा वेळेत दादरच्या बाजारात उतरला तरच त्याला भाव मिळतो. डहाणू-घोलवडचा चिकू, केळवे-माहीमचे पान, सातपाटीचा बर्फात घातलेला पापलेट, सगळ्यांची गाठ वेळेशी आहे. बोईसरच्या कारखान्यांत पाळीला जाणारी माणसे तर गाडीवर विसंबूनच घर सोडतात. आणि रात्री अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर गाडीचा सेल्फ फिरतो की नाही यावर जिवाचा प्रश्न असतो.

ज्या तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, त्याच्या शेजारच्या गावात एका डब्याएवढ्या बॅटरीपायी गाडी दारात उभी राहावी, हे बरे नव्हे. ही बॅटरी तपासायला इंजिनियर व्हावे लागत नाही. काही शे रुपयांचे एक मल्टिमीटर, दहा-पंधरा मिनिटे वेळ आणि थोडी सावधगिरी एवढे पुरते. घरातली दहावी शिकलेली मुलगीसुद्धा हे काम उत्तम करील.

दाब वेगळा, प्रवाह वेगळा

मीटर हातात घेण्याआधी तीन शब्द नीट समजून घ्या: व्होल्ट, अँपिअर आणि अँपिअर-तास. यातच बहुतेकांचा घोटाळा होतो.

सूर्या प्रकल्पाचे उदाहरण घेऊ. धामणीच्या धरणात पाणी जितके उंच, तितका त्याला जोर. विजेचा असा जोर म्हणजे व्होल्ट. पाटातून एका वेळी जेवढे पाणी वाहते, तो प्रवाह. विजेचा प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. धरणात एकूण साठा किती, तो झाला अँपिअर-तास. बॅटरीवर ‘६० एएच’ असे लिहिलेले असते ते या साठ्याचे माप. त्याचा अर्थ साधारणपणे असा, की ही बॅटरी नवी आणि पूर्ण भरलेली असताना ३ अँपिअरचा प्रवाह २० तास देईल. पण ६० अँपिअर ओढले तर तास पुरा होण्याच्या बऱ्याच आधी ती बसेल. घाईने ओढले की साठा कमी पुरतो.

आता पाटाची मोरी गाळाने बुजली तर काय होते? धरण काठोकाठ भरलेले असते आणि शेवटच्या शेतकऱ्याचे भात मात्र वाळते. बॅटरीचेही असेच आहे. बॅटरी भरलेली, पण टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असली तर सेल्फपर्यंत प्रवाह पोचत नाही. धरणाला दोष देऊन उपयोग नाही, मोरी साफ केली पाहिजे.

तेव्हा ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी: जोर किती, प्रवाह किती आणि साठा किती, हे तिन्ही वेगळे आहेत. एकच आकडा पाहून निकाल देऊ नये.

बॅटरीच्या पोटात काय असते

शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाचे आम्ल असलेली ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. तेव्हापासून तिचे मूळ तत्त्व तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा खण असतात. प्रत्येक खणाचा जोर २.१ व्होल्टच्या जवळपास, म्हणून सहा खणांचे मिळून १२.६ व्होल्ट. वीज वापरली जाते तसे आम्ल पट्ट्यांशी संयोग पावते आणि राहिलेले पाणी पातळ होत जाते. चार्ज केली की उलट क्रिया घडते. म्हणूनच मेकॅनिक काचेच्या नळीने ‘ग्रॅव्हिटी’ पाहतो. भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी १.२५० ते १.२८० असते, उतरलेलीची १.१५० च्याही खाली जाते. पाच खण सारखे आणि एकच खण फार खाली असेल, तर तो खण निकामी झाला असे समजावे. अशा वेळी बॅटरी बदलणेच योग्य.

झाकणे नसलेल्या बंद बॅटरीत ग्रॅव्हिटी पाहता येत नाही. तेथे मीटरच कामाला येते.

पहिली मोजणी: गाडी थंड असताना

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करण्याआधी हे मोजावे. नुकतीच चालवून आणलेल्या गाडीत वरवरचा जोर जास्त दिसतो आणि आपली फसगत होते. मीटरचा खटका डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर ठेवा. लाल काडी बॅटरीच्या अधिक टोकाला, काळी काडी उणे टोकाला लावा. काडी वायरच्या चिमट्याला नव्हे, तर बॅटरीच्या शिशाच्या खुंटीलाच टेकवा. जो आकडा येईल त्याचा अर्थ असा:

१२.६ किंवा अधिक: बॅटरी भरलेली आहे.
१२.४: सुमारे पाऊण भरलेली.
१२.२: सुमारे अर्धी.
१२.०: सुमारे पाव.
११.९ च्या खाली: उतरलेली, ताबडतोब चार्ज करावी.

बारा व्होल्टच्या बॅटरीत बारा व्होल्ट दिसले की ‘ठीक आहे’ असे आपल्याकडे पुष्कळजण म्हणतात. पाहा, बारा म्हणजे तीन हिस्से रिकामी! या अर्ध्या-पाऊण व्होल्टातच सारी मेख आहे.

दुसरी मोजणी: सेल्फ मारताना

काड्या तशाच खुंट्यांना धरा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, ओढणी, पदर किंवा सदऱ्याची बाही पंख्यापासून दूर, एवढे आधी पाहा.

लहान गाडीचा सेल्फ शंभर-दोनशे अँपिअर ओढतो. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाचा सेल्फ त्याहून जास्त. दोनशे अँपिअर आणि बारा व्होल्ट यांचा गुणाकार २४०० वॅट होतो. म्हणजे विहिरीवरच्या तीन हॉर्सपॉवरच्या पंपाएवढी वीज हा डबा त्या दोन-चार सेकंदांत देतो. एवढी ओढ बसल्यावर जोर थोडा उतरणारच. पण तो सुमारे १० व्होल्टच्या आसपास टिकला पाहिजे. ९.६ च्या खाली घसरला आणि बॅटरी आधी १२.६ दाखवत होती, तर तिची ताकद गेली आहे असे समजावे. वरून भरलेली, आतून पोकळ. हीच खरी बदलायची बॅटरी.

उलट, आकडा ११ च्या वर राहिला आणि तरीही सेल्फ फिरत नाही किंवा नुसता ‘टक्’ असा आवाज येतो, तर बॅटरी निर्दोष आहे. दोष टर्मिनलमध्ये, इंजिनाला जोडलेल्या अर्थच्या वायरीत किंवा खुद्द सेल्फमध्ये आहे.

तिसरी मोजणी: इंजिन चालू असताना

इंजिन सुरू करून थोडी रेस द्या आणि पुन्हा व्होल्ट पाहा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा आला तर अल्टरनेटर बॅटरीला व्यवस्थित चार्ज करतो आहे. तेरा-सव्वातेराच्या खालीच राहिला तर पट्टा सैल आहे का, वायर सुटली आहे का ते पाहा. पंधरा किंवा त्याहून वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरी उकळवून तिचे पाणी उडवील आणि नवी घातली तर तिचीही तीच गत करील.

जुन्या ट्रॅक्टरच्या डॅशवर अँपिअरचा काटा असतो. तो शोभेचा नव्हे. ट्रॅक्टर सुरू केल्यावर काटा अधिक बाजूला जातो आणि बॅटरी भरत येईल तसा हळूहळू मधल्या शून्याकडे येतो. इंजिन चालू असूनही काटा उणे बाजूला राहत असेल, तर साठा भरण्याऐवजी रिता होतो आहे. नांगरणीच्या घाईतही दिवसातून एकदा त्याकडे नजर टाकावी.

येथे एक इशारा. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि गाडी बंद पडते का ते पाहायचे, ही जुनी रीत डायनॅमोच्या काळातली आहे. आजच्या अल्टरनेटरच्या गाडीत असे केल्यास व्होल्टेज एकदम उसळते आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रे जळू शकतात. ही रीत सोडून द्यावी.

चौथी मोजणी: बंद गाडीतली चोरवाट

आता मुख्य गोष्ट. पहिल्या तीन मोजण्या नीट आल्या आणि तरीही दोन-तीन दिवस उभी राहिली की गाडी सुरू होत नाही, तर वीज कोठून तरी झिरपते आहे. बांध फुटला नाही, पण उंदराने बीळ केले आहे. ते शोधायला प्रवाह मोजावा लागतो. व्होल्ट मोजून हे बीळ सापडत नाही.

प्रवाह मोजण्याची तऱ्हा वेगळी आहे. व्होल्ट मोजताना मीटर बॅटरीच्या दोन टोकांवर आडवे लावतो. प्रवाह मोजताना मीटर वाटेतच बसवावे लागते, म्हणजे सगळी वीज मीटरमधून गेली पाहिजे. पाटात माप बसवतात तसेच.

यातला सर्वांत मोठा धोका आधी सांगतो. मीटर अँपिअरवर ठेवून त्याच्या काड्या बॅटरीच्या अधिक आणि उणे टोकांना एकदम कधीही लावू नयेत. अँपिअरवर ठेवलेले मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तारच. तसे केले तर बॅटरी शॉर्ट होते, शेकडो अँपिअर धावतात, वायरी वितळतात आणि मीटर हातात फुटते. स्वस्त मीटरच्या १० अँपिअरच्या भोकाला बहुधा फ्यूजही नसतो. बॅटरीत किती अँपिअर आहेत ते असे मोजता येत नाही. प्रवाह नेहमी कोणत्या तरी कामासाठी वाहत असतो आणि त्या वाटेवरच तो मोजायचा असतो.

आता रीत पाहा.

१. चावी काढा, सगळे दिवे आणि टेप बंद करा, दारे लावून घ्या. नव्या मोटारीत आतली यंत्रे झोपी जायला अर्धा तास लागतो, तेवढे थांबा.

२. पान्याने उणे टोकाची वायर सोडवा. आधी उणे, मग अधिक हा क्रम कायम ठेवा. पाना अधिक टोकाला लागून गाडीच्या पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी पडते.

३. आधी १२ व्होल्टचा एक इंडिकेटरचा बल्ब घ्या आणि त्याचे एक टोक उणे खुंटीला, दुसरे सोडवलेल्या वायरीला लावा. बल्ब लख्ख पेटला तर प्रवाह मोठा आहे, तेथे मीटर लावू नका, आधी कोठे शॉर्ट आहे ते मेकॅनिककडून पाहून घ्या. बल्ब पेटला नाही किंवा अगदी मंद लाल झाला तर पुढे चला.

४. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात बदलून घाला आणि खटका डीसी १० अँपिअरवर ठेवा. लाल काडी सोडवलेल्या वायरीला, काळी काडी बॅटरीच्या उणे खुंटीला लावा. चिमटे असलेल्या वायरी मिळाल्या तर हात मोकळे राहतात.

५. मीटर जोडलेले असताना सेल्फ मारू नये, हेडलाइट लावू नये. मीटर जळेल. नव्या मोटारीत मीटर जोडताच आकडा मोठा दिसतो आणि यंत्रे पुन्हा झोपल्यावर खाली येतो, तोवर धीर धरा.

आकड्याचा अर्थ असा. नव्या मोटारीत घड्याळ, लॉक, छोटा कॉम्प्युटर यांना थोडी वीज लागतेच. ०.०२ ते ०.०५ अँपिअर, म्हणजे २० ते ५० मिलिअँपिअर, हे योग्य. जुन्या साध्या ट्रॅक्टरमध्ये आकडा जवळजवळ शून्य असला पाहिजे.

हिशेब करून पाहू. ०.०५ अँपिअर प्रवाह २४ तासांत १.२ अँपिअर-तास खातो. ६० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी व्हायला २५ दिवस लागतील. चालेल. आता डिकीतला ५ वॅटचा एवढासा बल्ब झाकण नीट न बसल्यामुळे रात्रंदिवस जळतो आहे असे समजा. तो ०.४ अँपिअर घेतो, दिवसाला साडेनऊ अँपिअर-तासांहून जास्त. तीन दिवसांत बॅटरी निम्मी, पाचव्या-सहाव्या दिवशी गाडी ढकलायला माणसे बोलवा! तुम्ही तीन नव्या बॅटऱ्या घातल्या तरी हा बल्ब तिन्ही संपवील.

आकडा जास्त आला तर फ्यूजचा डबा उघडा आणि एकेक फ्यूज काढून पाहा. जो काढल्यावर मीटरचा आकडा धपकन खाली येतो, त्या वाटेवर चोर आहे. तो फ्यूज कशाचा आहे ते डब्याच्या झाकणावर लिहिलेले असते. बहुतेक वेळा बाहेरून बसवलेला टेप, हॉर्न, जीपीएस, झगमगीत दिवे, मोबाइलचा चार्जर अशी कोणती तरी मागाहून जोडलेली वस्तू निघते. सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही, तर अल्टरनेटरमधला डायोड फुटलेला असू शकतो. ते काम मेकॅनिकचे.

मोठा प्रवाह कसा मोजावा

सेल्फचे दोनशे अँपिअर या मीटरमधून कधीच नेता येत नाहीत. त्यासाठी वायरीभोवती चिमट्यासारखे धरायचे क्लॅम्प मीटर मिळते. वायर सोडवावी लागत नाही आणि धोकाही कमी. मात्र घेताना ‘डीसी अँपिअर’ मोजते का ते विचारून घ्या. बाजारातली स्वस्त क्लॅम्प मीटरे घरच्या एसी विजेचाच प्रवाह मोजतात, बॅटरीवर ती शून्य दाखवतील. असे मीटर एकट्याने घेण्यापेक्षा बचत गटाने किंवा सोसायटीने मिळून घेतले तर गावातल्या सगळ्या गाड्यांचे काम भागते.

सेल्फ हळू फिरतो आणि प्रवाह नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त, तर सेल्फ जाम झाला आहे. सेल्फ हळू फिरतो आणि प्रवाहही कमी, तर वाटेत अडथळा आहे किंवा बॅटरी दुबळी आहे. एवढे सांगता आले की मेकॅनिक तुम्हाला भलताच खर्च सांगू शकत नाही.

खाऱ्या हवेचा त्रास

दातिवऱ्यापासून सातपाटी, मुरबे, नांदगाव, तारापूर, चिंचणीपर्यंतच्या किनाऱ्याला एक जादा शत्रू आहे, तो म्हणजे खारा वारा. टर्मिनलवर त्याने लवकर बुरशी चढते. हा थर दिसायला क्षुल्लक वाटतो, पण त्याचा अडथळा एक ओहमच्या शंभराव्या हिश्श्याएवढा झाला तरी दोनशे अँपिअरच्या वेळी पुरे दोन व्होल्ट तेथेच खर्च होतात. सेल्फला बारातले दहाच उरतात.

तपासायचे असेल तर मीटर व्होल्टवर ठेवून एक काडी शिशाच्या खुंटीला आणि दुसरी तिच्यावरच्या चिमट्याला टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. आकडा जवळजवळ शून्य हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर सफाई हवी. त्यासाठी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासावे, खणांची झाकणे मात्र घट्ट लावलेली असावीत. सोडा आत गेला तर आम्ल मरते. मग स्वच्छ पाण्याने पुसून, कोरडे करून, चिमटा घट्ट आवळून वरून व्हॅसलिन लावावे.

बॅटरीच्या वरच्या पाठीवर आम्लाचा ओलसर थर आणि मीठ-धूळ साचली की तेथूनही वीज झिरपते. काळी काडी उणे टोकाला ठेवून लाल काडी प्लॅस्टिकच्या पाठीवर फिरवून पाहा. मीटरने व्होल्ट दाखवले तर पाठ पुसायला झाली. मच्छीमार बांधवांनी तर हे महिन्यातून एकदा करावेच. समुद्रात जीपीएस आणि वायरलेस याच बॅटरीवर चालतात आणि तेथे ढकलायला माणसे मिळत नाहीत.

खणातले पाणी कमी झाल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नये, किनाऱ्याकडचे तर मुळीच नाही. नुसते पाणी उडाले असेल तर आम्ल घालण्याचे कारण नाही.

पावसाळ्यात उभी असलेली गाडी

लावणी आटोपली की पुष्कळांचा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहतो. न वापरलेली बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरत असते. अर्धवट उतरलेल्या स्थितीत ती महिना-दीड महिना राहिली की पट्ट्यांवर कडक पांढरा थर बसतो आणि मग कितीही चार्ज करा, साठा पूर्वीसारखा होत नाही. म्हणून उभ्या गाडीची उणे वायर काढून ठेवावी, पंधरा दिवसांनी व्होल्ट पाहावे आणि १२.४ च्या खाली आले की चार्ज करावे. चार्जिंगचा प्रवाह साठ्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा ठेवावा, ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ६ अँपिअर. घाईचे चार्जिंग बॅटरीचे आयुष्य खाते.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा खांब पडून वीज गेली होती. अशा वेळी गाडीच्या बॅटरीचा आधार होतो, पण हिशेबाने. एक मोबाइल पूर्ण चार्ज व्हायला सुमारे दोन अँपिअर-तास धरा. पाच वॅटचा एलईडी दिवा सहा तासांत अडीच अँपिअर-तास घेतो. एवढे सहज परवडते. पण मीटरवर १२.४ दिसले की थांबा. पुढची वीज सेल्फसाठी राखून ठेवा, पहाटे दवाखान्यात जायची वेळ आली तर ती लागेल.

मोजणीची किंमत

आकडा कळणे किती मोलाचे असते, याचे एक उदाहरण साऱ्या जगाने पाहिले. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेल्या. जपानमधील फुकुशिमा येथील पहिली अणुभट्टीही त्याच जातीची आणि त्याच कंपनीची. ११ मार्च २०११ रोजी भूकंपामागून आलेल्या त्सुनामीचे पाणी तेथे शिरले. बाहेरची वीज गेली, जनरेटर बुडाले आणि केंद्राच्या बॅटऱ्याही निकामी झाल्या. नियंत्रण कक्षातले सगळे काटे बंद. भट्टीत पाणी किती आहे, हेच कळेना.

तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांनी आवारातल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केले आणि पाण्याच्या पातळीचे मापक चालू केले. पुढे वाफ सोडण्याच्या व्हॉल्व्हसाठी अशाच दहा बॅटऱ्या जोडून १२० व्होल्ट केले. मोठा अपघात त्यामुळे टळला नाही, हे खरे. पण एवढ्या संकटात त्या जाणत्या माणसांनी पहिली धडपड केली ती मोजण्याची.

जिवाची काळजी

बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने फुटतो. म्हणून जवळ विडी, काडेपेटी, चूल नको. पाना टेकवून ‘ठिणगी पडते का’ ते पाहणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. हातातली अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे. आम्ल डोळ्यात उडाले तर तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि डॉक्टरकडे जावे. दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना अधिकला अधिक जोडावे. उणे वायरीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या उणेला आणि दुसरे, सर्वांत शेवटी, बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावावे.

आणखी एक गोष्ट घरातील बायाबापड्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. जुनी बॅटरी गोठ्यात किंवा परसात टाकून ठेवू नये. शिशाच्या पट्ट्यांना खारट-गोडसर चव असते. गुरे त्या चाटतात आणि शिशाच्या विषबाधेने आंधळी होऊन, दात खात, झटके येऊन मरतात. लहान मुलांच्या मेंदूला तर शिसे फार थोडे पोटात गेले तरी कायमचे अपाय करते. बॅटरी फोडून शिसे काढणे, तिच्या डब्यात गुरांना पाणी ठेवणे, आम्ल विहिरीजवळ ओतणे हे कटाक्षाने टाळावे. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याबाबत केंद्र सरकारने २००१ साली आणि नव्याने २०२२ साली नियम केले आहेत. नवी घेताना जुनी दुकानात परत द्या, किमतीत सूटही मिळते.

शेवटी थोडक्यात

गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवा. महिन्यातून एकदा तीन आकडे तारीख घालून लिहा: सकाळचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे व्होल्ट, इंजिन चालू असतानाचे व्होल्ट. बॅटरी वरचेवर उतरू लागली की चौथा आकडा, बंद गाडीतला प्रवाह, मोजा. पाऊस किती पडला याची नोंद ठेवणारा शेतकरी जसा पेरणीला चुकत नाही, तसा ही नोंद ठेवणारा पहाटे अडत नाही.

सेल्फ मारताना जोर साफ कोसळला किंवा एक खण मेला, तर खुशाल नवी बॅटरी आणा, तो खर्च योग्य आहे. पण टर्मिनल साफ केल्याशिवाय, अल्टरनेटर पाहिल्याशिवाय आणि चोरवाट शोधल्याशिवाय पैसे बाहेर काढू नका. तेच पैसे बियाण्याला किंवा पोरांच्या वह्या-पुस्तकांना उपयोगी पडतील.